सूर्यास्त आणि नळाचं पाणी: एकाच टेकमध्ये केलेल्या लघुपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातली तीन मजली चाळ. लाकडी जिना, चौकाभोवती गॅलऱ्या, वर कौलं. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी, पुनर्विकासाला निघालेली. निम्मी बिऱ्हाडं हलली होती आणि उरलेल्यांच्या गप्पा 'भाड्याचा चेक कधी हातात पडतोय' यापाशी येऊन थांबत होत्या. या चाळीत एका दिग्दर्शिकेला सतरा मिनिटांचा लघुपट करायचा होता, तोही एकाच सलग टेकमध्ये, म्हणजे मधे कुठेही कट न घेता. माणसांची, चाळीची आणि फिल्मची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

गोष्ट छोटी आहे. एक कुटुंब संध्याकाळी खोली रिकामी करून निघायचं आहे, खाली टेम्पो उभा आहे. मुलगी ऑफिसातून थेट येते. गल्ली, चौक, जिना, दुसऱ्या मजल्याची गॅलरी, खोली. आत आई शेवटचं बोचकं बांधायचं सोडून बसलेली. वाद होतो, समजूत निघते, दाराला कुलूप लागतं, सगळे खाली उतरतात. टेम्पो निघतो तेव्हा गल्लीतले दिवे लागलेले असतात. फिल्म उजेडात सुरू होऊन अंधारात संपते, आणि पुढची सगळी डोकेदुखी या एका वाक्यातून निघाली.

दिग्दर्शिका एकांकिका स्पर्धांमधून आलेली, नटमंडळीही त्याच वर्तुळातली. कॅमेरामन जाहिरातींच्या शूटिंगवर बरीच वर्षं असिस्टंट होता, स्वतंत्रपणे केलेली ही त्याची पहिली मोठी गोष्ट. बजेट तीन लाखांच्या आत. मी तयारीच्या काळात वेळापत्रक बसवायला त्यांच्याबरोबर होतो आणि नंतर संकलनाच्या वेळी शेजारी बसलो.

'एकच टेक का?' हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला. करामत दाखवायला केलेले वनटेक ढिगाने पाहिलेत आणि त्यातल्या बहुतेकांत पाचव्या मिनिटानंतर गोष्ट विसरून आपण कॅमेरामनच्या खांद्यांची काळजी करू लागतो. दिग्दर्शिकेचं उत्तर सरळ होतं. घर सोडायच्या दिवशी टेम्पोवाला खालून हाका मारत असतो आणि माणसाला मधे कुठे थांबायला मिळत नाही, मग प्रेक्षकाला तरी का मिळावं? हे कारण मला पटलं.

अडचण

सलग टेकची जुनी अडचण यंत्राची होती. हिचकॉकने १९४८ साली 'रोप' हा चित्रपट केला तेव्हा कॅमेऱ्यात हजार फुटांचं रीळ मावायचं, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं. म्हणून त्याने कॅमेरा कुणाच्या तरी पाठीवर नेऊन रिळांमधले काही जोड लपवले. डिजिटल आल्यावर ती भिंत पडली. 'रशियन आर्क' हा चित्रपट २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात सलग दीड तास चित्रित झाला, आधीचे तीन प्रयत्न फसल्यावर चौथ्या खेपेला. बर्लिनमध्ये केलेला 'व्हिक्टोरिया' १३८ मिनिटांचा, तो तिसऱ्या प्रयत्नात. आज सतरा मिनिटं हातातला फोनही रेकॉर्ड करतो. त्यामुळे आमच्या टीमची अडचण कॅमेऱ्याबाहेरची होती.

पहिली गोष्ट उजेड. मुंबईत जानेवारीअखेर सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतरचा वापरण्याजोगा संधिप्रकाश बावीस-तेवीस मिनिटांचा. थंड देशांत तो रेंगाळतो, आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. आकाश स्वच्छ असेल तर मावळतीला उघड्यावर साधारण चारशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, संधिप्रकाश संपताना तीन-चार उरतात. कॅमेऱ्याच्या भाषेत सात स्टॉप, म्हणजे उजेड सात वेळा निम्मा झाला. चौकात आणि गल्लीत त्याहून कमी. म्हणजे दिवसाला एकच टेक.

त्यातही एक नाजूक जागा होती. खोलीच्या खिडकीतून आकाशाची एक पट्टी दिसते. खोलीत पिवळा बल्ब. फार लवकर पोचलो तर खिडकी पांढरीफटक पडते आणि माणसं काळी दिसतात, उशिरा पोचलो तर खिडकीत नुसता काळोख. मावळतीनंतर आठ-दहा मिनिटांनी आतला आणि बाहेरचा उजेड तोडीस तोड येतो, आणि तो क्षण आई-मुलीच्या वादाच्या मधोमध यायला हवा होता. कॅमेरामनने हिशोब तिथून उलटा मांडला. खोलीत शिरायचं पाचव्या मिनिटाला, वादाचा कळस नवव्याला, म्हणून टेक सुरू करायचा सूर्य मावळता-मावळता, एक-दोन मिनिटांच्या फरकाने.

दुसरी गोष्ट पाणी. त्या चाळीत पाणी यायचं सातला पंचवीस कमी असताना. एकदा पाणी आलं की हंडे, कळश्या, पिंपं, नळावरची बोलाचाली आणि तळमजल्यावरच्या पंपाची मोटर. महापालिकेचं पाणी कुणाच्या शूटिंगसाठी थांबत नाही.

तिसरी गोष्ट माणसं. चाळ रिकामी नव्हती, आणि संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत कोण नसतं?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय निर्मितीची बाजू सांभाळणाऱ्या मुलाने मांडला. गोष्ट दुपारची करा, दिवसभरात हवे तेवढे टेक घ्या. पैशाच्या दृष्टीने हाच सर्वांत शहाणा. पण दुपारी चाळ सुस्त असते, ऑफिसातून येणारी मुलगी गोष्टीतून जाते आणि शेवटचे दिवेही जातात. दिग्दर्शिका म्हणाली, मग मी वेगळी फिल्म करीन.

दुसरा पर्याय सेटचा. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा एखाद्या लहान स्टुडिओत खोली आणि गॅलरी उभी करायची, संधिप्रकाश दिव्यांनी आणायचा. जिन्याचा सांगाडा आणि लाकूडकाम यांचे आकडे ऐकल्यावर तो विषय चहाबरोबर संपला.

तिसरा पर्याय लपवलेल्या जोडाचा. मुलगी खोलीच्या दारात शिरते तिथे उंबऱ्याशी अंधार आहे, कॅमेरा तिच्या पाठीवर क्षणभर पूर्ण काळा होऊ शकतो. दोन वेगवेगळ्या संध्याकाळचे तुकडे तिथे सांधता येतील. यावर टीममध्ये चांगलीच जुंपली. दिग्दर्शिकेला हा गंडा वाटत होता. कॅमेरामनचं म्हणणं होतं की प्रेक्षक तिकीट गोष्टीचं काढतो, आमच्या सत्यवचनाचं नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. मूळ बेत सलग टेकचाच, पण उंबऱ्यावरचा काळोख दर टेकला सारखा घ्यायचा, म्हणजे वेळ पडली तर जोड देता येईल. वापरायचा की नाही ते नंतर बघू. माझ्या मते संपूर्ण तयारीतला हा सर्वांत प्रौढ निर्णय. तत्त्वाचा वाद पुढे ढकलला आणि सोय मात्र आत्ताच करून ठेवली.

चौथा पर्याय कुणी मोठ्याने बोललं नाही, तो म्हणजे टेक सोडून देऊन नेहमीसारखे शॉट लावणं. दोन संध्याकाळींत फिल्म झाली असती. मला वाटतं तो एकदा टेबलावर यायला हवा होता, निदान नाकारण्यासाठी तरी.

तारीख पुढे गेली आणि गोष्ट बदलली

तारखा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरल्या. सूर्यास्त ६.३१, टेक ६.३० ला सुरू, ६.३५ ला मुलगी खोलीत, आणि त्याच वेळी गॅलरीतून 'पाणी आलं!' अशी हाक. पटकथेत ती हाक वादाची ठिणगी होती. आई सवयीने कळशी घ्यायला उठते आणि मुलगी म्हणते, 'आई, आता कशाला भरतेस?' कागदावर प्रसंग बेतून केल्यासारखा बसला होता.

मग चाळीतल्या एका काकांनी विचारलं, 'माघी गणपतीत शूटिंग करणार तुम्ही?' कालनिर्णय कुणी उघडलंच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी मंडप, संध्याकाळी आरती, त्यावर स्पीकर. शूटिंग आठवडाभराने पुढे ढकललं.

पुढे ढकलल्यावर सूर्यास्त ६.३६ वर गेला. फेब्रुवारीकडे जाताना मुंबईत तो रोज अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक सरकतो. पाणी मात्र होतं तिथेच. आता टेकच ६.३५ ला सुरू होणार, म्हणजे पाणी येणार मुलगी गल्लीत असताना, आणि मुलीच्या तोंडचं ते वाक्य निराधार झालं.

इथे दोन वाटा होत्या. टेक पाच मिनिटं आधी सुरू करून संवाद वाचवायचा आणि खिडकीतला उजेड गमवायचा, किंवा उजेड धरून प्रसंग नव्याने लिहायचा. दिग्दर्शिकेने दोन दिवस पहिल्या वाटेचा हट्ट धरला. तिला ते वाक्य फार प्रिय होतं, ते कळतही होतं. शेवटी ध्वनिमुद्रकाने कौल फिरवला. तो म्हणाला, 'ताई, मोटर जर पाचव्या मिनिटाला चालू झाली तर मला तो आवाज मधेच सुरू झालेला लपवता येणार नाही. कट नाहीये आपल्याकडे. पहिल्यापासून घुमत असेल तर कान त्याला सरावतो.'

फिल्म आता पाण्याच्या गडबडीतच उघडते. मुलगी चौकात येते तर नळापाशी रांग, जिन्यावर चढणारे हंडे, गॅलरीत ओलं. वर पोचते तेव्हा आईच्या खोलीतलं पिंप रिकामं, उलटं ठेवलेलं. संवाद गेला, त्याची जागा पिंपाने घेतली. माझ्या मते ही सुरुवात आधीच्यापेक्षा कितीतरी चांगली झाली, आणि ती माघी गणपती आणि महापालिकेच्या वेळापत्रकाची देणगी आहे.

तिची किंमतही होती. गॅलरीतली ओली लाकडी फळी आणि त्यावर उलटा चालणारा कॅमेरामन.

तयारी

गल्ली सार्वजनिक असल्यामुळे अर्ज एक खिडकी पद्धतीतून गेला, चाळीच्या आतल्यासाठी मालक आणि रहिवाशांची समिती यांची लेखी संमती घेतली. त्यात विशेष काही नाही, वेळ लागतो एवढंच.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये झाल्या. खडूने जमिनीवर चाळ काढली, गॅलरीची रुंदी तीन फूट म्हणजे तीन फूट. हॉलमध्ये गोष्ट चौदा मिनिटांत संपत होती, चाळीत सतरा. फरक जिन्याचा. खडूचा जिना चढायला दम लागत नाही.

एकांकिकेच्या नटांचा इथे मोठा फायदा झाला. सतरा मिनिटं न थांबता खेळणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं, चूक झाली तर तोंडावर रेघ न उमटू देता पुढे जाणं ही तर त्यांची रोजची भाकरी. पण त्यातच एक खोड दडलेली होती. रंगमंचावर कुणी अडखळलं की दुसरा दोन वाक्यं पदरची घालून सांभाळून घेतो. इथे दोन वाक्यं म्हणजे दहा सेकंद, आणि चार जणांनी चारदा सांभाळून घेतलं की खिडकीतलं आकाश गेलं. सहायक दिग्दर्शिकेने शेवटी नियम केला: सांभाळायचं असेल तर गप्प राहून सांभाळा.

कॅमेऱ्याच्या मागे चालणाऱ्या माणसांना टीमने नाव दिलं होतं 'शेपूट'. कॅमेरामन जिंबल (कॅमेऱ्याचे हादरे शोषणारी दांडी) धरून, त्याच्या कमरेचा पट्टा पकडून मागची वाट सांगणारा एक, चालत्या शॉटमध्ये फोकस सांभाळणारा फोकस पुलर, लांब काठीवरचा माइक धरणारा बूमवाला आणि ध्वनिमुद्रक पिशवी गळ्यात अडकवून. कॅमेरा वळला की पाचही जणांनी त्याच्या मागेमागे वळायचं. तीन फुटी गॅलरीत हे करताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. जिन्याच्या वळणावर शेपटाने दोन पायऱ्या आधीच थांबायचं, कॅमेरा पुढे जाऊन वळला की भिंतीला पाठ लावून सरकायचं. या वळणाची तालीम संवादांपेक्षा जास्त झाली.

बारीकसारीक गोष्टींची यादी मोठी होती, दोनच सांगतो. जिन्यातला एलईडी दिवा डोळ्यांना ठीक दिसायचा, कॅमेऱ्यात त्याच्या पट्ट्या सरकायच्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. शटरचा वेग १/५० सेकंदावर ठेवला की नीट चालणारे दिवे निवळतात, स्वस्तातले तरीही त्रास देतात. तो दिवा काढून टीमने आपला बल्ब लावला. दुसरं म्हणजे खोलीतलं आरशाचं कपाट. आत शिरताना अख्खं शेपूट त्यात दिसायचं. कपाट हलवणं अशक्य, म्हणून आरशावर आईची घडी मोडलेली साडी टाकली. घर आवरताना साडी कपाटावर पडणारच, कुणाला शंका यायचं कारण नाही.

गॅलरीत रोज सहाला खुर्ची टाकून बसणारे एक आजोबा नेमके वाटेत होते. त्यांना हलवायचा विचार कुणीतरी मांडला आणि तिथेच मोडीत निघाला. कॅमेऱ्याकडे बघू नका असं सांगितलं की माणूस हमखास बघतो. म्हणून त्यांना त्यांचंच काम दिलं, अडकित्त्याने सुपारी कातरणं. बोटं सांभाळायची असली की नजर वर जात नाही.

शूटिंगच्या संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी तिसऱ्या मिनिटाला जिंबल जिन्याच्या कठड्यावर आपटला. दिग्दर्शिकेच्या तोंडून सवयीने 'कट!' निघून गेलं. सगळं पहिल्या जागेवर आणायला, म्हणजे टेम्पो मागे घ्यायला, हंडे रिकामे करायला आणि मंडळींना खाली आणायला जो वेळ लागला, त्यात आकाश विझलं. त्या दिवशी हाती काही आलं नाही.

त्या रात्री वडापावच्या पुड्यांवर बसून जो निर्णय झाला तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. टेक थांबवायचा अधिकार दिग्दर्शिकेकडून काढून सहायक दिग्दर्शिकेकडे दिला. पहिल्या दीड मिनिटात, म्हणजे मुलगी जिन्यापर्यंत पोचायच्या आत, काही बिघडलं तर तिने थांबवायचं. तेवढ्यात टेम्पो हललेला नसतो आणि पुन्हा सुरू करायला चार मिनिटं पुरतात, उजेड अजून हातात असतो. दीड मिनिटानंतर काहीही झालं तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. दिग्दर्शिकेला हे जड गेलं. आपल्याच फिल्मवर 'कट' म्हणायचं नाही? पण तिची नजर अभिनयावर असायची आणि घड्याळ बघणारं डोकं वेगळं लागतं, हे तिने मान्य केलं.

दुसऱ्या संध्याकाळी टेक पूर्ण झाला, फोकस मात्र गेला. खोलीचं दार अरुंद, शेपटाचा निम्मा भाग बाहेरच अडकला आणि जाड भिंतीमुळे फोकस पुलरच्या वायरलेसचा सिग्नल तुटला. वादाचा पूर्वार्ध मऊ, म्हणजे धूसर. तरी थांबले नाहीत म्हणून फायदा झाला. शेवटचा जिना उतरताना काय होतं, टेम्पो सुरू व्हायला किती वेळ घेतो, हे सगळं पहिल्यांदा कळलं. उपाय चाळीतच सापडला: फोकस पुलरने आधीपासून खोलीतल्या मोरीत पडद्याआड बसायचं आणि गॅलरीत कॅमेरामनने मुलीपासून चार फुटांचं अंतर पक्कं धरायचं, म्हणजे तेवढा वेळ फोकस हलवायची गरज नाही.

त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या एक बाई दिग्दर्शिकेला म्हणाल्या, 'अगं, तुमचं शूटिंग होईल गं, पण आमचं पाणी जातं त्याचं काय?' रास्त होतं. जिना अडल्यामुळे दोन बिऱ्हाडांची पिंपं अर्धी राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून टीममधली दोन मुलं टेक संपल्यासंपल्या पाणी भरायला लागली. खरं तर हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी सगळं जुळून आलं. मुलगी नळावरच्या गर्दीतून अक्षरशः वाट काढत, धावत वर आली, खोलीत शिरली तेव्हा तिला खरोखरच धाप लागली होती. खिडकी आणि बल्ब बरोब्बर एका तोलावर. आणि निघताना कुलूप लागेना. जुनं कुलूप, मुलीने दोनदा दाबलं, कडी बसली नाही. पटकथेत असं काही नव्हतं. आईचं काम करणाऱ्या बाईंनी क्षणभर बघितलं, तिच्या हातातून कुलूप घेतलं, दार गुडघ्याने आत रेटलं आणि खट्कन लावलं. एक शब्द नाही. मॉनिटरसमोर उभे असलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

टेक संपला, टाळ्या झाल्या, आणि ध्वनिमुद्रक तोंड पाडून उभा. आईच्या माइकवर खोलीपासून पुढे सतत खसखस. कारण शोधलं तेव्हा साखळी अशी निघाली: आदल्या दिवशी गॅलरीतल्या ओलीने सुती साडी भिजली, म्हणून कपडेपटाच्या मुलीने ती धुऊन, स्टार्च करून, कडक इस्त्री मारून आणली. तिने आपलं काम चोख केलं होतं. साडी मात्र कागदासारखी वाजत होती.

आवाज पुन्हा

त्याच रात्री, पंपाची मोटर बंद झाल्यावर, त्याच खोलीत नुसता आवाज मुद्रित करायचं ठरलं. आधी नट गोल करून बसले आणि संवाद म्हणाले. ऐकल्यावर लगेच कळलं की हे नभोनाट्य झालं. मग ध्वनिमुद्रकाने बाईंना मऊ कॉटनच्या गाऊनमध्ये बसवून खरं बोचकं बांधायला दिलं. गाठ ओढताना जो श्वास अडकतो तो बोलण्यात यायला लागला. जिन्यावरचे संवाद जिना उतरत घेतले. नाटकाची मंडळी असल्यामुळे लय इतकी पक्की होती की बहुतेक वाक्यं चित्रावर बसली. ज्या दोन-तीन ठिकाणी ओठ जुळले नाहीत तिथे मूळची खसखस ठेवली आणि वर भांड्यांचा आवाज घातला.

चित्रात एकही कट नसलेल्या या फिल्मच्या आवाजात शेकड्याने कट आहेत. दिग्दर्शिकेला हा गंडा वाटला नाही, याची मी तिला अधूनमधून आठवण करून देतो.

कुठला टेक

चौथ्या संध्याकाळी आणखी एक टेक झाला. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. फोकस काटेकोर, आवाज स्वच्छ, कुलूप तेल घालून आणलेलं त्यामुळे पहिल्याच दाबाला लागलं. आणि तिथेच सगळं गेलं. आईने कुलूप हातातून घ्यायचा प्रसंग त्यांनी करून बघितला, पण ते आता ठरवून केलेलं दिसत होतं.

कॅमेरामनला चौथा हवा होता. तिसऱ्यात गॅलरीत दोन-तीन सेकंद मुलीचा चेहरा मऊ आहे, मोठ्या पडद्यावर ते दिसणार, आणि त्याच्या कामाकडे लोक तेच बघणार. त्याचं दुखणं खरं होतं. तेव्हा उंबऱ्यावरचा काळोख बाहेर निघाला. उंबऱ्यापर्यंत चौथ्या दिवसाचं, पुढे तिसऱ्याचं. जोडून बघितलं. रंग जुळले, उजेड जुळला, पाठीवरचा काळा क्षण इतका बेमालूम की मला स्वतःला जोड सापडेना.

पण चौथ्या दिवसापर्यंत मुलीचं काम करणारीला जिना पाठ झाला होता. गॅलरीत ती शांत चालत येते आणि उंबरा ओलांडताच धापा टाकते. वीसदा बघितलं, प्रत्येक वेळी तिथेच ठेच लागत होती. पार्श्वध्वनी वाढवून बघितला, गॅलरीतली पावलं जड केली, उपयोग नाही. छाती वरखाली होताना दिसते.

जोड बाद झाला तो तत्त्वासाठी नव्हे, दमासाठी. तिसऱ्या दिवसाचा टेक मऊ चेहऱ्यासकट ठेवला. कॅमेरामन एक दिवस बोलला नाही, मग आपणहून रंगसंस्काराला, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड जुळवायच्या कामाला, येऊन बसला.

निष्पत्ती

फिल्म काही महोत्सवांत लागली, त्याहून जास्त ठिकाणांहून परत आली. जिथे लागली तिथे बऱ्याच प्रेक्षकांना ती एका टेकची आहे हे चर्चेत सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. दिग्दर्शिका याने खूश, कॅमेरामन थोडा खट्टू. कुलपाच्या प्रसंगाबद्दल मात्र हमखास विचारणा होते. खर्च ठरल्यापेक्षा एका दिवसाच्या भाड्याइतका वाढला, तो चौथ्या संध्याकाळचा.

पुन्हा करायचं झालं तर

ध्वनिमुद्रकाला लोकेशन पहिल्यांदा दाखवलं ते तारखा ठरल्यावर. मोटरबद्दल त्याचं म्हणणं सुरुवातीलाच ऐकलं असतं तर तो लाडका संवाद लिहिला गेलाच नसता आणि दोन दिवसांची ओढाताण टळली असती. आईच्या अंगावर वायरलेसखेरीज एक छोटा स्वतंत्र रेकॉर्डर, वेगळ्या जागी, ठेवायला हवा होता. भाडं अगदी किरकोळ. आणि कपडे धुतले, बदलले, तर ते ध्वनिमुद्रकाला कळवायचं, हे कुणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेलं असायला हवं.

पहिली संध्याकाळ मी तर सरळ तालीम म्हणूनच धरली असती, फक्त कॅमेरा चालू ठेवून. कागदावर ती शूटिंगची होती म्हणून सगळे ताणलेले होते आणि म्हणूनच तो 'कट' निघाला. चौथ्या संध्याकाळबद्दल आमचं अजून एकमत नाही. निर्मितीवाल्याच्या मते तिसरा टेक हातात आल्यावर चौथ्याचं भाडं भरणं उधळपट्टी होती. मला तसं वाटत नाही. चौथा शेजारी ठेवून बघितला नसता तर तिसऱ्यातल्या मऊ चेहऱ्यावरून महिनाभर भांडणं झाली असती.

राहिला रहिवाशांचा मुद्दा. समितीला ठरलेली रक्कम दिली गेली, पण पाण्याची वेळ गेली ती दोन बिऱ्हाडांची, आणि गॅलरीत, नळावर जे लोक दिसतात त्यांना चहापलीकडे काही मिळालं नाही. ते काम करत होते, आपलं रोजचं असलं तरी. पुढच्या फिल्मच्या अंदाजपत्रकात या टीमने जेवण आणि गाडीभाडं यांच्यामध्ये 'रहिवासी, प्रत्येकी' अशी एक ओळ घातली आहे. रक्कम अजून ठरायची आहे.